इतर वारस नाहीत

मंगळवारी सात ते साडेआठ, घणसोलीची पालिका शाळा,
तिसरी ब.
बाकं इतकी बुटकी की शिकणाऱ्यांचे गुडघे
हनुवटीला टेकतात.
भिंतीवर बेडकाचं जीवनचक्र.
त्याच्या शेजारी मी फळ्यावर चौकोन काढतो:
तुम्ही. आईवडील दोन. आजीआजोबा चार. पणजे-पणज्या आठ.
आठावर सगळ्यांची पेनं थांबतात.

पहिला नियम: आधी जिवंत माणूस, मग कागद.
हे मी ठणकावून सांगतो.
निवृत्त झाल्यावर शिकलो.
त्याआधी एकतीस वर्षं तलाठी होतो,
आणि नियम उलटा होता.

अकरा जण येतात. सेक्टर पाचच्या होडावडेकरांना
कुठूनही एक सरदार हवाय;
म्हटलं, खणत राहा, सावकार तरी नक्की लागेल.
रंजिता मढवी गोठिवलीची.
पतपेढीतून थेट येते, फायलींना रंगीत चिकटपट्ट्या लावते.
तिसऱ्या आठवड्यात तिनं फेरफाराची नक्कल आणली.
साल शहाऐंशी. मयत: पांडू हिरू मढवी.
तीन मुलगे. इतर वारस नाहीत.

"सर, हे शेवटचं अक्षर लागतं का?"

'ह'ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली.
छड्या खाऊनही गेली नाही ती खोड,
सातवीपासून.
लागतं, म्हणालो.
आणि पाण्याची बाटली उघडून बराच वेळ प्यायलो.

"पण माझी आत्या आहे. सारसोळ्याला. सुकट विकते."

मग विचारा त्यांना, मी म्हणालो.
नियमच होता तो.

पुढच्या मंगळवारी ती आत्यालाच घेऊन आली.
म्हातारी बाकावर आडवी बसली, पाय मोकळे सोडून,
बेडूक पाहिला, फळा पाहिला,
मला जरा जास्त वेळ पाहिलं.

"तू त्योच ना तलाठी? आमचे ओटीवर बसून ल्हिलास.
कोलबीचा कालवन मीनीच वारला तुला."

वारला म्हणजे वाढला.
मला क्षणभर लागला.
माझ्या दप्तरात हा शब्द
एकाच कामाला यायचा.

कालवण आठवलं. पितळी ताट आठवलं.
ताटाशी आलेला हात, हिरवा चुडा कोपरापर्यंत.
त्याच्या वर मी पाहिलंच नव्हतं.
थोरल्या भावानं तीन बोटं दाखवली
आणि मी भात कालवता कालवता मान हलवली.

वर्ग गप्प. होडावडेकरसुद्धा.
मी सांगायला तोंड उघडलं,
सगळं, साल-तारखेसकट,
तर तिनं हातानंच थांबवलं.

"जमीन त कवाच गेली. तिचे वर टावर झाला.
मना काय नको.
त्या दिसा कालवनान मीठ जास्त झालेला.
तू बोलला नाय."

बाहेर वॉचमन चाव्या वाजवत फिरत होता.
हजेरीचा कागद माझ्याकडेच होता.
नवीन ओळ आखली, बारा नंबर.
पूर्ण नाव? मी विचारलं,
सरकारी आवाजात, दुसरा सापडेना.

"बापाचा सांगू," ती म्हणाली, "का दादल्याचा?"

पेन टेकवलेलं तिथे
शाईचा ठिपका मोठा होत गेला.