तीन रुपये

साताऱ्यात सदर बझारच्या मागं, काटेरी तारेपलीकडं
काळ्या दगडाचं एक थडगं आहे, जेमतेम दोन हात.
पाथरवटाला इंग्रजी येत नव्हतं.
त्यानं हेलनमधला एन उलटा कोरलाय.
हेलन विदर्स. वय चार वर्षं, दोन महिने.
पटकी.

बाप तेव्हा लेफ्टनंट होता.
पलटण हलली तेव्हा त्यानं माझ्या खापरपणजोबाला,
गुडघ्यात गोळी घेऊन घरी बसलेल्या भागनाकाला, बोलावलं
आणि मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं,
गवत वाढू देऊ नको.
दरमहा तीन रुपये, खजिन्यातून.
कागद त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला.
शाई सांडली, ती टिपलीही नाही.

तो कागद आमच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यात खाली.
त्याच्यावर माणूस चढत गेलाय.
कॅप्टनचं अक्षर तेच, पण घाईचं.
मेजरचा मजकूर कारकुनाचा, सही त्याची.
मधल्या सालात, सत्तावन्नात, त्यानं काय केलं
हे कुठल्याच कागदात नाही.
भागनाकाला कुणी विचारलं
तर तो चिलीम शोधायला उठायचा.
कर्नलच्या कागदातून हेलन गेली,
'सदरहू थडगे' आलं.
मग एकदम जाड, छापील, वर मुकुट,
खाली एका बेटाचं नाव
जे कचेरीतल्या कुलकर्ण्यानं तीनदा वाचलं
आणि तीनदा वेगळं वाचलं.
विदर्ससाहेब त्या बेटाचे गव्हर्नर झाले होते.
रक्कम रुपये तीन.

पायलीचा भाव काय झाला होता तेव्हा!
माणदेशात तर झाडाची साल शिजवत होते.
भागनाकाचा पुतण्या सखनाक त्याच साली
कुणा मुकादमामागं घाट उतरून मुंबईला गेला,
अंगठा उठवून बोटीत बसला.
ऊस तोडायला, पाच वर्षांच्या करारावर,
त्याच बेटावर.

भागनाकानं आयुष्यात एकच अर्ज लिहवून घेतला,
चार आणे देऊन.
'कळविण्यास कारण की,
हुजुरांच्या लेकराजवळ मी आजवर गवत वाढू दिलं नाही.
आमचं एक लेकरू आता हुजुरांच्या मुलखात आहे.
नाव सखनाक. डाव्या कानाची पाळी फाटकी.
नजर असू द्यावी.'

सात महिन्यांनी उत्तर आलं.
अर्ज पोचला. योग्य त्या खात्याकडे रवाना केला आहे.
आणि नेहमीचे तीन रुपये.

त्या पावसाळ्यात भागनाकानं विळा उचलला नाही.
गवत कमरेला लागलं, उलटा एन बुडाला,
कुणाच्या तरी शेळ्या आत शिरल्या.
दसऱ्याला तो लंगडत गेला आणि सगळं कापून आला.
'पोरीचं काय चुकलं?' असं म्हणाला, म्हणतात.
मला ते घरच्यांनी मागाहून जोडलेलं वाटतं.
तो इतकं बोलणारा नव्हता.

शेवटचा कागद विलायतेतल्या वकिलाचा.
गव्हर्नरसाहेब वारले, व्यवस्था बंद करण्यात येत आहे.
बेटावर त्यांचा पुतळा उभा राहिला, एवढंही त्यात आहे.
सखनाकाचं काही नाही.
योग्य ते खातं अजून शोधत असेल.

मी पोस्टात नोकरी केली, एकोणचाळीस वर्षं.
त्या बेटाचा शिक्का असलेलं पाकीट हातून गेलं नाही,
आणि शिक्के मी नीट बघायचो.
आता वेळच वेळ. पावसाळा सरला की जातो.
विळा नेत नाही, हातानंच उपटतो,
कुसळं बोटांत भरतात.
परवा तारेवरून चेंडू आत आला,
चेंडूमागं एक पोरगं.
विचारलं, 'आजोबा, हे कुणाचं?'
म्हटलं, 'गव्हर्नरच्या मुलीचं.'
ते चेंडू घेऊन निघालंही होतं,
मी मागून ओरडून सांगितलं,
'नाही रे. लेफ्टनंटच्या.'