शिंगाडा

पुलावरच्या शिपायानं पासपोर्ट ठेवून घेतला,
बदल्यात पत्र्याचा बिल्ला दिला. सतरा नंबर.
तीनपर्यंत, म्हणाला. तीनला बेट बंद.

पूल म्हणजे एकमेकींना बांधलेल्या लोखंडी होड्या.
पाऊल टाकलं की दबतात, उचललं की सुस्कारा सोडतात.
काय नदी आहे, मी म्हणते.
झ्लाटका मला तिथंच थांबवते: नदी नव्हे. डुनाव पुरुष आहे,
दर वसंतात न विचारता आत येणारा, शेजाऱ्यासारखा.
मी सांगते, आमच्याकडेही नद असतात दोन-चार,
बाकी सगळ्या आया.
ती विचारात पडते.
मग पूर आला की शिव्या कुणाला देता?

तिचे जास्तीचे गमबूट मला दोन नंबर मोठे.
मी बांधावरून बदकासारखी फताड फताड चालते
आणि खरी बदकं
उडायचीसुद्धा तसदी घेत नाहीत.

बेटाचा तो अर्धा भाग अजून तुरुंग आहे:
कौलं, तारा, कैद्यांनी राखलेल्या गाई.
हा अर्धा बेडकांचा.
बांधही कैद्यांनीच घातलेला, जुन्या राजवटीत,
पाणी बाहेर ठेवून मका पेरायचा म्हणून.
माती हातगाडीनं. हातगाडी नसेल तर कोटात भरून.
आता त्याला दारं बसवलीत,
आणि झ्लाटकाची नोकरी ही, की ती वेळेवर उघडायची
आणि पाण्याला म्हणायचं, ये.

पाणी आलंय. वाळुंजांचं अख्खं रान मांडीएवढ्या पाण्यात उभं.
खोडांवर पूर जिथवर चढला होता तिथवर
मुळांच्या तांबूस दाढ्या लोंबतायत.
चिखलात कोल्ह्याची पावलं, ताजी,
आमच्याच दिशेनं गेलेली, आमच्या आधी.

मचाणांवर पेलिकन.
लाकडी मचाणं, माणसांनी ठोकलेली,
त्यावर हे बसलेत मानेचे केस विस्कटून,
दुपारी दार वाजवून उठवलेल्या म्हाताऱ्यांसारखे.
मोज, म्हणते झ्लाटका.
मी तेहतीस मोजते, ती एकतीस.
वहीत एकतीस लिहिते. पगार तिला मिळतो.

तुझं कुणी होतं का इथं? मी विचारते,
पायाखालच्या मातीकडे बोट करून.
ती मान हलवते, डावीकडून उजवीकडे.
मी सुटल्यासारखी पुढे चालू लागते.
दहा पावलांवर आठवतं:
या देशात हे 'हो' असतं.

वळून पाहते तर ती पाण्यात वाकलेली.
माझ्या तळव्यावर ठेवते गेल्या सालचा शिंगाडा,
काळा, पोकळ, चार शिंगांचा. आमच्याकडच्याला दोन.
आजोबा हे वेचायचे, ती म्हणते, चोरून, टाचेखाली फोडून.
एवढंच बोलले. बाकी गाई-गुरांचं बोलायचे.
आम्ही याच्या पिठाचा शिरा करतो, तूप घालून, उपासाला,
मी बोलून जाते आणि जीभ चावते.
उपास म्हणजे?
घरात अन्न असून न जेवणं, मी म्हणते. देवासाठी.
ती बराच वेळ माझ्याकडे बघते.
आणि मला सांगता येत नाही, की माझ्या भाषेत
माझ्या आईच्या एकादशीचा शब्द
आणि तिच्या आजोबांचा शब्द
एकाच घरातले आहेत,
उपास, उपासमार,
एक मार तेवढा जास्त.

पावणेतीन. डास आता बाह्यांच्या आत शिरलेत.
परतताना ती एका दारापाशी थांबून
लोखंडी चाक अर्धा फेरा फिरवते, कान लावते,
पुन्हा पाव फेरा.

पुलावर शिपाई बिल्ला मागून घेतो,
पासपोर्ट देता देता थबकतो.
बेटावरून काही घेतलंत?
खिशात चार शिंगं मांडीला टोचतायत.
मी मान हलवते, आपली नेहमीची,
डावीकडून उजवीकडे.
तो शांतपणे हात पुढे करतो.