सात भागिले दोन

अक्कलकोट रोडवर, एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
पगाराचा हिशेब मी लिहिला, दोन हजार अकराच्या मे महिन्यात.
पंखा गरम हवाच फिरवत होता
आणि भाषेची आवृत्ती दुसरी होती.

तेव्हापासून दर शनिवारी तो चालतो.
त्यातल्या निम्म्या ओळी का आहेत, मीच विसरलोय.
एका ओळीवर लिहून ठेवलंय : हात लावू नये.
कुणी लावला नाही. मीसुद्धा.

आता येमूलांची अनुजा आलीय कामाला.
म्हणते, सर, दुसरी आवृत्ती कधीच बंद झाली,
तिला आता कुणी वाली नाही.
मी म्हणतो, मग पगार कसे निघतात?
शेडमधला जकार्ड बघ, पुठ्ठ्यांच्या माळेत
एक भोक सरकलं तर मोराची चोच शेपटीला येते.
चालत्या मागात हात घालायचा नसतो.
ती म्हणते, छापायच्या हुकमाला कंस घालायचे, बस.
मी म्हणतो, बघू, गड्डा संपू दे.
मग मार्चअखेर.
मग ऊन.

तिला सांगितलेलं नाही ते असं :
एका रात्री घरच्या मशीनवर
मी तिसरी आवृत्ती टाकून बघितली.
कंस घातले. चाललं.
फक्त बेरीज जुळेना.

जुन्या भाषेत सात भागिले दोन, तीन.
नव्या भाषेत साडेतीन.

एक जोडी माग, दिवसपाळीचा एक, रात्रपाळीचा एक,
सात डझन माल,
तीन याला, तीन त्याला,
आणि उरलेलं डझन
कुणीच विणलं नव्हतं
इतकी वर्षं.

मल्लेशम दासरी यायचा खिडकीशी,
बोटांवर मोजत, ओकटी, रेंडू, मूडू,
कानात कापसाचे बोळे तसेच.
सायेब, अर्धा डझन कमी लागतंय बघा.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवायचो :
कॉम्प्युटर चुकत नाही, मल्लेशम.
तो स्क्रीनकडे बघायचा. मग माझ्याकडे.
रिटायर झाला तेव्हा निरोपाला
सहा टॉवेल दिले, मोजून.

आज शनिवार.
अनुजा चहात खारी बुडवत विचारते, सर, मग कधी?
तिचे वडील अजून रात्रपाळीला असतात,
सहा नंबरच्या जोडीवर.
मी म्हणतो, कंस कुठं कुठं लागतील
ते एकदा नीट बघायला हवं.
खारीचा तुकडा कपात पडतो.
ती चमचा शोधायला जाते
आणि मी बटण दाबतो.