चारशे खुर्च्या, अकरा पुस्तकं

भाच्यानं पुण्याला जाताना
रेक्झिनची पिशवी ठेवली गोदामात,
सतरंज्यांच्या थप्पीवर.
म्हणाला, वाच मामा, धंदा वाढेल.
अकरा पुस्तकं. प्रत्येकावर
सुटातला एक माणूस, हाताची घडी घालून
असा बघत होता
जणू माझ्याकडून त्याचं काही येणं बाकी आहे.

मी बिछायत केंद्रवाला.
तळोधीच्या अलीकडे, फाट्यावर
चारशे खुर्च्या, नऊ गंज, दोन कढया
आणि नवरा-नवरीचा एक लाल सोफा,
ज्याच्यावर अर्धा तालुका बसून गेला.

पहिलं पुस्तक म्हणालं, पहाटे पाचला उठा.
पाचला मी झोपायला जातो.
दिवाळी सरली की गावोगाव मंडई, रात्रभर नाटक,
शेवटच्या अंकात मायलेकरांची भेट,
बाया डोळे पुसत उठतात
आणि मी त्यांच्या कोमट खुर्च्या
एकात एक घालत राहतो.
पाचला उठा म्हणणारं ते पुस्तक
कुणी पाचपर्यंत जागून बांधलं असेल का,
डिंकाच्या डब्यात बोट बुडवत?

दुसरं म्हणालं, ध्येय लिहा, दिसेल तिथं लावा.
मी गोदामाच्या दारावर लावलं :
एक हजार खुर्च्या.
आठवड्यानं खाली खडूची ओळ,
'बसनार कोन?'
अक्षर कवडूचं. चौथीत शाळा सोडलेला,
टेम्पोवर एकटा दीडशे खुर्च्या चढवतो.
इतका नेमका प्रश्न
नंतरच्या नऊ पुस्तकांत सापडला नाही.

मधली काही डोक्यात मिसळून गेलीत.
सगळ्यांत एक गरीब पोरगा होता,
एक गॅरेज, आणि एक बँक, जी आधी नाही म्हणते.
बायकोला रात्री वाचून दाखवायचो.
निरुता भाजी निवडत ऐकायची. एकदा म्हणाली,
"एवढं ठाऊक हाये त्याले,
तं पुस्तकं इकत काहून बसला?"

जूनमध्ये 'नाही' म्हणायचं पुस्तक आलं.
त्याच हप्त्यात अनुसया दडमल आली,
सासऱ्याची तेरवी, पन्नास खुर्च्या, पैसे मागाहून.
मी पान एकशे बारा आठवलं. म्हटलं, नाही.
ती "बरं बापा" म्हणाली अन् उभीच राहिली,
माझं वाक्य अजून संपायचं असल्यासारखी.
खरंच संपायचं होतं.
सांजेला कवडूला म्हटलं, साठ टाकून ये.

सातव्यात सोळा पानं कोरी.
फुटपाथची छपाई. आधीची ओळ,
'आणि ते एकमेव रहस्य म्हणजे'.
पुढं पांढरं.
जागा वाया कशाला घालवायची,
मी तिथं गेल्या-आल्याचा हिशेब लिहू लागलो.
मिंडाळा : दीडशे गेल्या, एकशे सत्तेचाळीस आल्या.
गिरगाव : गंज चेपलेला, बोलले नाहीत.
वाढोणा : एक खुर्ची जास्त. निळी. माझी नाही.
सोळा पानं भरली तेव्हा दिसलं,
वीस वर्षं ज्यांना धंदा समजत होतो
त्या खुर्च्यांनी नुसती ये-जा केली.
घर चालवलं गंजांनी.
रहस्य म्हणा पाहिजे तर.
मी पाच गंज आणखी घेतले, नागभीडहून,
आणि दारावरचा कागद काढला.
कवडूची ओळ राहू दिली.

निळी खुर्ची न्यायला कुणी आलं नाही.
ती मी भाड्यानं देत नाही, तिच्यावर बसून वाचतो.
काल भाच्याचा फोन आला.
मामा, किती वाचून झाली?
त्याच्या मागं कुणीतरी इंग्रजीत ओरडत होतं.
तो मधेच 'येस सर' म्हणाला,
मग मला म्हणाला, बोल.
मी म्हटलं, मंडईला ये. पुढची रांग ठेवतो.
म्हणाला, सुटी नाही रे.
मग आम्ही दोघं
नुसते फोन धरून बसलो,
किती वेळ, मोजलं नाही.

अकराव्याची चाळीस पानं राहिली आहेत.
त्याला विचारायचं राहूनच गेलं,
ही तू कोणत्या पानापर्यंत वाचली होतीस.