प्रॉम्प्टरच्या प्रतीत, पेन्सिलीनं

पाँटीफ्रॅक्टमध्ये, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलात
मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसात ते साडेनऊ,
आम्ही एका राजाला गादीवरून उतरवतो.
मग खुर्च्या रचून ठेवतो,
सकाळी तिथं रांगती बाळं येतात.

राजा सहाशे वर्षांपूर्वीचा.
ज्या किल्ल्यात तो मेला, तो इथंच, टेकडीवर,
म्हाताऱ्याच्या तोंडात दोन दाढा उराव्यात तेवढा उरलाय.
नाटक चारशे वर्षांचं.
इंग्रजी मात्र यंदाचं.
ग्लेनिसबाईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर
जेवणाच्या टेबलावर दोन हिवाळे बसून केलेलं,
बसस्टॉपवर कळेल असं.

जुने सभासद आस्क्विथ
पहिल्या वाचनाच्या अर्ध्यातून उठले,
स्वतःची उशी काखोटीला मारून गेले.
ती खुर्ची अजून कडकच आहे.

मी प्रॉम्प्टर.
दिवसा केमिस्टच्या काउंटरमागं असते,
डॉक्टरांचं अक्षर लावता येतं
म्हणून खाडाखोडीची प्रत माझ्याकडं आली.
राजाचं काम क्लिफर्ड ऑक्सली करतो,
एकवीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता.
प्रवेशांच्या मधे गालात गावची काळी गोळी धरतो,
ज्येष्ठमधाची.
आमच्याकडचे नटही घशाला हेच लावतात, म्हटलं.
त्याला ते पटलं नाही. ज्येष्ठमध त्याच्या गावचा.

अडलं ते मुकुटाच्या प्रवेशात.
ग्लेनिसबाई म्हणाल्या, जुन्या प्रतीत
'तू' निराळा होता, 'तुम्ही' निराळे.
आता एकच 'यू' उरलाय,
राणीला, कुत्र्याला, मीटर बघायला येणाऱ्याला.
राजा घसरला, हे लोकांना कळणार कशावरून?

विंगेतून मी बोलून गेले, आमच्यात तीन आहेत.
'आपण' आलं की माणसं उठून उभी राहतात.
'तुम्ही' खुर्ची पुढं करतं.
आणि 'तू' देवाला लागतो, आईला लागतो,
पकडलेल्या चोरालाही तोच.
सगळे माझ्याकडं बघत राहिले.
शेवटी कर्टिसनं, नव्या राजानं,
(टायरच्या दुकानातून थेट येतो, नखं काळी)
हात खिशात ठेवूनच 'यू' म्हणून पाहिलं.
बाई म्हणाल्या, हेच ठेव.

तेव्हापासून मी सगळं नाटक मराठीत ऐकते.
सरदार एकेक करून 'आपण'वरून खाली येतात,
एक तर चालता चालता, वाक्याच्या मधेच.
कोठडीत राजाला भेटायला त्याचा मोतद्दार येतो,
तो मात्र अजून 'आपण'च म्हणतो,
त्याला कुणी कळवलेलं नाही.

क्लिफर्ड त्या दिवशी काहीच बोलला नव्हता.
नंतर खुर्च्या रचताना म्हणाला,
जुना कसला? माझा बाप मरेपर्यंत मला 'दा' म्हणायचा.
खाली खाणीत सगळे सगळ्यांना 'दा'.
वर उजेडात आलं की 'यू', साहेबासमोर.

शुक्रवारी पहिला प्रयोग. एकाहत्तर तिकिटं.
मुकुट त्याच्या हातात, कर्टिस समोर,
आणि क्लिफर्ड थांबला.
तीन सेकंद. पाच.
माझं बोट ओळीवर, ओठ उघडलेले,
पहिला शब्द जिभेच्या टोकावर.
तेवढ्यात तो बोलला.
ओळ तीच, फक्त 'यू'च्या जागी
झिजलेला, कोळशातला 'दा'.
कर्टिसचे हात खिशातून बाहेर आले.

शिवी होती की पाठीवरची थाप,
मला ठरवता आलं नाही.
मराठीत असतं तरी आलं नसतं.

रात्री घरी प्रत उघडली.
टाइप केलेल्या ओळीवर काट मारली नाही.
बाजूला पेन्सिलीनं, देवनागरीत,
म्हणजे ग्लेनिसबाईंना वाचता येऊ नये:

इथं थांबतो.
तू म्हणतो.
सांगायचं नाही.