रकाना चौथा

फुलेवाडीच्या रिंगरोडमागं, फंडाच्या पैशात घेतलेलं
तीन खोल्यांचं घर, आणि घरापेक्षा मोठं रान.
दिवाळीच्या तोंडावर फाटक ढकललं तर उघडेना;
गुळवेलीनं आतून कडी घातली होती.

विळ्यानं वाट काढत शालन पुढं, मी मागं.
घाणेरी, काँग्रेस गवत, कुणाचं तरी एकच चप्पल.
पाण्याची टाकी आहे हे टाकीत पाय गेल्यावर कळलं.
आणि कोपऱ्यात ते. दोन मजल्यांएवढं.
जाड, अंधारी पानं, एका देठावर जोड्याजोड्यांनी.
"कसलं ओ हे?"
एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली मी,
नुसत्या खोकल्यावरून गाडीचं दुखणं सांगायचो.
बुंध्याला कान लावला. काही बोललं नाही.

तोडायचंच होतं. मुळं टाकीकडं निघालेली.
रज्जाक करवत घेऊन आला, खोडावर थाप मारून थांबला:
"मामा, नाव काय ह्याचं?
नाव कळल्याबिगर दर कसा सांगू?"
महापालिकेतल्या बाईंनी अर्ज दिला.
रकाना चौथा: वृक्षाचे नाव.
"मोठं झाड" लिहिलं, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं
आणि अर्ज परत सरकवला,
मी सरकवायचो तसा, नंबर नसलेलं जॉबकार्ड.

मग विचारत सुटलो.
चौगुलेकाकी म्हणाल्या, काजरा. विषारी. पाडा.
त्यांचा थोरला म्हणाला, कुसुंब असंल.
नर्सरीवाल्यानं पान मुडपलं, हुंगलं, चहा मागवला,
म्हणाला, जंगली आहे.
जंगली म्हणजे त्याच्याकडं विकायला नाही, एवढंच.
फोनला पानाचा फोटो दाखवला,
एकदा लिची म्हणाला, एकदा कडुनिंब.
कार्तिकात बारीक, मळकट फुलोरा आला,
मधमाशा पहिल्या शिफ्टपासून हजर.
त्यांना नावाची अडचण नव्हती.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात
शालन भांडी घेऊन टाकीपाशी बसली.
रात्रभर उघड्या राहिलेल्या बादलीत
वरून काहीबाही पडलेलं: सुरकुतलेली, तपकिरी फळं,
तीन-तीन चिकटलेली, एका वाकळेत तीन भावंडं झोपावीत तशी.
काढून टाकायला तिनं हात घातला, ढवळलं,
आणि ओरडली, "ओ, साबण कुणी टाकला ह्यात?"

फेस. काठापर्यंत.

रिठा.
लग्नाआधी गडहिंग्लजला ती ह्यानंच केस धुवायची,
वाण्याकडच्या पुडीतल्या. झाड तिनं कधी बघितलंच नव्हतं.

मग लाईटबिल आठवलं, अजून जुन्या नावानं येणारं:
केशव सिद्राम पोतदार.
"व्हय की," काकी म्हणाल्या, "गुजरीत दागिने उजळायचे.
राहिलेलं काम घरी आणून ह्या ओट्यावर घासत बसायचे,
गहाणातनं सुटलेलं, काळं पडलेलं सोनं.
झाडाकडं आमचं ध्यानच न्हाई गेलं कधी."

मोरीच्या कोनाड्यात मिळालेला पितळी तारांचा ब्रश
मी भंगारात घातला होता.
सायकल काढली, गेलो, परत आणला. दहा रुपये पडले.

शालननं गळ्यातला साज काढून फेसात ठेवला.
तिचं झाल्यावर मी हात बुडवले.
नखातलं एकतीस वर्षांचं काळं
ते काही निघालं नाही.
पाणी मात्र काळं झालं.

रज्जाकला म्हटलं, टाकीच हलवू.
"टाकीचं काम मी करत न्हाई," म्हणाला,
चहा घेतला, आणि काळ्या, गुळगुळीत बिया
खिशात भरून गेला, पोराला गोट्या म्हणून.

अर्ज ओट्यावर पसरलाय, चार कोपऱ्यांवर चार खडे.
त्यावर रिठे वाळत घातलेत.
मधूनच एक फुगलेला रिठा घरंगळतो,
मी तो उचलून परत चौथ्या रकान्यात ठेवतो.