नऊ मिनिटं

तासगावच्या काट्यावर सकाळी पावणेसातला
मी बटण दाबतो आणि चहाला जातो.
परत येतो तरी ठिपके गोल फिरतच असतात,
घाण्याला जुंपल्यासारखे.
नऊ मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत.
बाहेर कवठ्याचा टेम्पो, जतचे दोन ट्रक,
अथणीचा एक दहा टायरी, बेदाण्याच्या खोक्यांनी शिगोशीग,
आणि सगळ्यांचे हॉर्न माझ्या नावाने.

आधी आम्ही धुळीला दोष दिला,
मग उंदरांना, मग वीज मंडळाला.
मालकांनी मॉनिटरपुढे उदबत्ती लावली,
तिची राख कीबोर्डात गेली.
त्या दिवसापासून 'अ' अडतो.

शेवटी मिरजेहून मेहजबीन मुल्ला आली,
स्कूटीच्या डिकीत पेनड्राइव्ह, पक्कड आणि जेवणाचा डबा.
तिने मशीन सेफ मोडमध्ये उठवलं. पन्नास सेकंद.
"बघा, तब्येत ठणठणीत आहे," म्हणाली,
"ड्रायव्हरमध्ये घोळ आहे."
खिडकीत पावतीसाठी हात घालून उभा असलेला
अथणीचा शिवलिंगप्पा दचकला.
"मी काय केलं ताई? मी पाचपासून रांगेत हाय."

मग तिने त्यालाच समजावलं, मला नाही:
आत प्रत्येक वस्तूला एकेक ड्रायव्हर असतो,
पडद्याला वेगळा, आवाजाला वेगळा,
तो नसला तर वस्तू जागची हलत नाही.
"आणि क्लीनर?"
"क्लीनर नसतो. तोच तर त्रास आहे."

पडद्याचा बदलला. अक्षरं कलिंगडाएवढी झाली,
मिनिटं नऊच.
मग यादीतला एक पोर्ट उडवला,
आणि शिवलिंगप्पाची गाडी काट्यावर असताना
आकडा आला: शून्य.
पंचवीस टन. बेदाणा, लोखंड, डिझेल,
केबिनमधली बसवेश्वरांची तसबीर धरून
शून्य किलो.
तो खाली उतरला, परत चढला.
शून्यच.
"आता टोल तरी माफ होईल," जतवाला म्हणाला.

तिने पोर्ट परत बसवला, डबा उघडला,
आणि भाकरी मोडता मोडता डाव्या हाताने
एक लपलेली यादी काढली:
आता इथे नसलेल्या वस्तूंची, फिकट राखाडी अक्षरांत.
कधीकाळी खोचलेले अकरा पेनड्राइव्ह.
माकडांनी उपटलेला कॅमेरा.
आणि तो सुयांचा प्रिंटर, अख्ख्या यार्डाला ऐकू जाणारा,
भूपाल मगदूम ऑपरेटर होते तेव्हाचा.
तीन वर्षांपूर्वी भंगारात किलोवर गेला,
आमच्या काट्यावर नाही, आमचा काटा इतकं बारीक मोजत नाही.

ड्रायव्हर मात्र राहिला होता मागे.
रोज सकाळी हाक मारायचा,
अर्धा मिनिट थांबायचा,
ओ यायची नाही, पुन्हा मारायचा.
सोळा वेळा.
मागचे सगळे ताटकळत.

"काढू?" तिने विचारलं.
मला काम मगदूमांनी शिकवलं. मी त्यांना फोन लावला.
ते इचलकरंजीत, लेकीकडे, मागे कुकरची शिट्टी.
"कुठला प्रिंटर?" म्हणाले.
मी सांगितलं. त्यांना आठवेना.
"काढ की मग," म्हणाले,
आणि जरा थांबून,
"काट्याखालच्या खड्ड्यात पाणी साठतं का रे अजून?"
साठतं, म्हटलं.

आता चहा अर्धा टाकून पळत यावं लागतं.
टपरीवाला धनपाल विचारतो, चव बिघडली का माझी?
मेहजबीनने तीनशे घेतले, आणि मूठभर बेदाणा.
शिवलिंगप्पाची पावती निघाली:
पंचवीस हजार तीनशे चाळीस,
गाव: थणी.